कानोसा

सेंदाईच्या टेकडीवर, विद्यापीठाच्या तळघरात
एकतीस वर्षं मी द्रव हेलियम भरतोय.
सिद्धांत मला कळत नाहीत. थंडी कळते.
नळीतून उतरताना ती आधी शिट्टी घालते,
मग आवाज जाड होतो, मग एकदम गप्प.
गप्प झाली की समजायचं, पोचली.

टाकीच्या तळाशी, तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात
एक काळा स्फटिक, तांदळाच्या कणीएवढा.
निरपेक्ष शून्याला दीड अंश उरला
की तो विजेला अडवणं सोडून देतो.
इतकंच असतं तर कुणी जागलं नसतं.
पण आतले इलेक्ट्रॉन जोडीनं चालतात ते कसे,
एकाचं तोंड वर नि एकाचं खाली,
की दोघांचीही एकाच दिशेला,
यावर माणसांनी अर्धी हयात घातली.

त्यांना थेट विचारता येत नाही.
शेजाऱ्याकडे चौकशी करावी लागते.
शेजारी म्हणजे ऑक्सिजनचा अणुगर्भ.
साधा ऑक्सिजन मुका,
म्हणून भट्टीत शेकून शेकून
सतरा वजनाचा आत घालतात. महागडा, पण बोलका.
मग चुंबकाच्या पोटात
त्याला रेडिओलहरीचा एक टोला द्यायचा
आणि डोलता डोलता तो काय पुटपुटतो
त्याचा कानोसा घ्यायचा.

बावीस वर्षांपूर्वी कान्नोसरांनी घेतला.
गोठण्याआधी जो सूर, तोच नंतर.
आलेखावर रेघ आडवी, ताठ,
म्हणजे दोघांची तोंडं एकाच दिशेला!
परदेशातून माणसं आली. टाळ्या झाल्या.
ती रेघ अजून जिन्यात टांगलीय.
तिची काच मीच पुसतो.

फेब्रुवारीत ओइकावा चिझुरूनं विचारलं,
"सुगावारासान, टोला दिल्यावर आत तापतं का हो?"
थर्मामीटर बघ, म्हटलं.
"तो हलत नाही," ती म्हणाली,
"पण तो चार बोटं लांब बसलाय.
त्याला बातमी पोचेस्तोवर
स्फटिक पुन्हा निवलेला असेल."

माझी बायको फुमिए इस्पितळात रात्रपाळीला असते.
टॉर्चच्या तोंडावर बोटं धरून
त्या लालसर उजेडात खाटांमधून फिरते.
पहिल्याच वर्षी शिकली ती,
"झोप लागली का?" असं विचारलं
की उत्तर एकच येतं, "नाही."
आणि त्या क्षणी ते खरंच असतं.

सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही म्हणतात.
हा सोंग घेतलेला नव्हताच.

चिझुरूनं टोला दहावा हिस्सा केला. मग शंभरावा.
पुटपुट इतकी बारीक झाली
की यंत्राच्या खरखरीत बुडाली.
मग एकदा ऐकून भागेना,
चाळीस हजार वेळा ऐकायचं नि बेरीज करायची.
तीन रात्री. रात्री लिफ्ट बंद ठेवायला लावली तिनं.
मी मार्चच्या वाट्याचं हेलियम फेब्रुवारीतच ओतलं,
वहीत तारीख खरी लिहिली, कारण लिहिलं नाही.

चौथ्या पहाटे रेघ खाली आली.
हळूहळू नाही. पायरी चुकल्यासारखी.

कान्नोसर आले, कोटावर बर्फ तसाच.
बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.
"टोला केवढा?"
तिनं सांगितला.
"अजून निम्मा करा."
केला. रेघ अजून खाली.

ते बाहेर गेले.
आम्हाला वाटलं, गेले.
कोपऱ्यावरच्या मशीनमधून गरम कॉफीचे तीन डबे घेऊन आले,
आमचे आमच्या हातात दिले,
आपला न उघडता दोन्ही तळव्यांत धरून बसले.
"मला वाटायचं," ते म्हणाले,
"मी हळूच विचारलं होतं."

जोडी नक्की कशी चालते ते अजून ठाऊक नाही.
कशी चालत नाही, एवढं कळलं.
त्यासाठी नवी टाकी येणार आहे, ऑगस्टात, पैसे मिळाले तर.

जिन्यातली तसबीर उतरवायची का,
मला कुणी सांगितलं नाही.
सोमवारी मी काच पुसली.